फाईल सेव्ह होईपर्यंत

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होते. पद भारदस्त, काम एकच: एका गप्पी माशाला एकटं ठेवायचं. डास होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांत सोडतात तेच हे राखाडी, पेरभर मासे. आमचा जन्मल्यापासून वेगळ्या काचेत वाढवलेला. दुसरा मासा त्याच्या नजरेला पडू नये म्हणून चारी बाजूंनी काळा कागद. पुढे त्याला मोठ्या टाकीत इतरांत सोडायचं आणि त्या पहिल्या भेटीचा व्हिडिओ घ्यायचा. मासा कुठून कुठे फिरला त्याची रेघ एक परदेशी सॉफ्टवेअर काढून द्यायचं. पहिली भेट एकदाच होते. म्हणून प्रोजेक्टचे सर बाहेरगावी जाताना बजावून गेले, "फाईल नीट सेव्ह होतेय याची खात्री झाल्याशिवाय मासा सोडायचा नाही."

आणि फाईल काही सेव्ह होईना.

रिकाम्या टाकीवर चाचण्या घेत होते. रेकॉर्डिंग उत्तम व्हायचं, पण 'सेव्ह' म्हटलं की चौकट यायची: फाईल सेव्ह करता आली नाही. का, ते सांगायची पद्धत नव्हती. मी डिस्क रिकामी केली. त्यात कुणाकुणाचे सिनेमे निघाले, ते उडवले. अँटिव्हायरस बंद केला, सॉफ्टवेअर काढून परत घातलं, शेवटी नवी हार्ड डिस्कसुद्धा बसवून घेतली. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना.

शेवटी कंपनीला मेल केला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. विंडोज कोणती, जागा किती, असे प्रश्न आणि खाली एक ओळ: तुमच्याकडे हवा कशी आहे?

ती ओळ मी तीनतीनदा वाचली. सातपूरला मी खोली घेऊन राहत होते. खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेली होती. शेजारी सगळे कारखान्यातले शिफ्टवाले. मी निघायचे तेव्हा झोपलेले, परतायचे तेव्हा कामावर. घर पेठ तालुक्यात, डोंगरात, फोन लागला तर लागला. जेवलीस का, एवढंही विचारणारं कुणी नव्हतं. एकटं वाटायचं मला, फार वाटायचं. मग रोज एक मेल जायचा, एक यायचा. तिकडे बाई आहे की बाप्या, हेही माहीत नव्हतं, पण दुपार झाली की मी वाट बघायचे.

आमचे शिपाईकाका इगतपुरीकडचे. झाडताना कागद जरासा उचलून आत बघायचे. "ताई, यो येकलाच हाय का वो आजून? मानूस आसता तर येडा झाला आसता."

"काका, कागद खाली करा आधी!" मी खेकसले. राग त्यांचा नव्हता. माझी फाईल अडली होती म्हणून तो जीव काळ्या कागदात अडकला होता.

मग तिकडून मागणी आली: कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो पाठवा. पाठवला. उत्तर आलं, "फोल्डरच्या नावात ही चिन्हं कसली?"

श्री होतं ते. आमच्याकडे वही असो की पत्रिका, माथ्यावर आधी श्री पडतो. मीही फोल्डरचं नाव मराठीत 'श्री' ठेवलं होतं. ड्राइव्ह बदलली, डिस्क बदलली, दर वेळी नवा फोल्डर आणि दर वेळी श्री. जितकी अडचण वाढली तितकी माझी श्रद्धा वाढली. आणि त्या सॉफ्टवेअरला इंग्रजीखेरीज अक्षरच कळत नव्हतं. देवाचं नाव पुसून 'फिश' लिहिताना जिवावर आलं, पण लिहिलं. फाईल मुकाट सेव्ह झाली.

त्याच दुपारी मासा सोडला. बराच वेळ तो कोपऱ्यात काचेला चिकटून राहिला. पडद्यावर रेघेचा नुसता ठिपका. मग घोळका वळला, त्याच्या अंगावरून गेला, आणि रेघ निघाली, ती त्यांच्याबरोबरच.

"ग्येला बगा," काका म्हणाले.

मी लगेच लांबलचक मेल लिहिला. मासा कसा गेला, श्री म्हणजे काय, आणि इथे थंडी पडलीय, द्राक्षवाले धास्तावलेत, हेसुद्धा. पाठवला तसं उत्तर आलं, मशीनचं: तुमची तक्रार सोडवून बंद करण्यात आली आहे. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

काळ्या कागदाची घडी घालून मी मोठ्या टाकीपाशी गेले. तुझं तरी झालं बाबा, असं त्याला म्हणावं म्हटलं. पण त्या घोळक्यात माझा कोणता, तेच ओळखू येईना.