तिवरातले वीस गुंठे

माझे सासरे जनूमामा पेणच्या खाडीकाठचे आणि मी रोह्याच्या वरच्या अंगाचा, गोड्या जमिनीतला. आम्ही वरचे लोक खारेपाटातल्यांना जरा कमीच लेखतो, हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे. थंडीचं दव पडतं, तेवढ्यावर शेंगा लागतात. खारेपाटात वर्षाला भाताचं एकच पीक, तेही तांबडं, आणि मग आठ महिने पांढरी पडलेली भेगाळ जमीन बघत बसायचं. एकाहत्तर साली माझं लग्न झालं. त्या वर्षी भातं निघाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात पिशवीभर वाल घेऊन सासरी गेलो. म्हटलं, जरा सुधारू यांना.

मामा हसले नाहीत. त्यांनी शेताच्या कोपऱ्यात ते वाल माझ्यासमोर नीट लावले. उगवले, दोन पानांवर आले आणि कडांनी करपत गेले. पुढच्या खेपेला मामांनी मला तिथे नेलं, मुळाजवळची चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"गुणाजीराव, पावसात मीठ खाली जातं," ते म्हणाले. "थंडीत ऊन लागलं का परत वर येतं. तुमचा वाल नेमका त्याच येळंला येतो. त्याचा काय दोष नाय."

माझा काही दोष आहे असंही ते म्हणाले नाहीत, पण मी समजलो. त्यानंतर मी त्यांना काही शिकवायच्या भानगडीत पडलो नाही.

त्यांना जमीन वाचता यायची. जिथे मोरस, म्हणजे ती जाड पानांची खारट भाजी, आपोआप उगवते तिथे भात टाकायचं नाही. जिथे लव्हाळा दिसला तिथलं मीठ धुतलं गेलं, तिथे खुशाल राता टाका. राता म्हणजे त्यांचं ते तांबडं भात. नांगरायचं नाही, मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. बी भिजत घालण्याआधी गावातले लोक मामांना आपापल्या शेतावरून फिरवून आणायचे. मामा वाकून बघायचे, चाखायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस त्या दिवसांत गावात डॉक्टरसारखा फिरायचा.

ही सगळी शेती उभी होती एका मातीच्या बांधावर. एका अंगाला शेतं आणि दुसऱ्या अंगाला खाडी. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शेतांहून उंच चढायचं. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस चिखल टाकायला जायचा, त्याला कोणी बोलवावं लागत नसे. बांधाच्या बाहेरून, लाटेचा मार थेट बसू नये म्हणून, तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची, दाट ओळ राखलेली होती. त्यातली निम्मी तिवरं मामांनी स्वतः लावलेली. जळणासाठी कोणी फांदी तोडली तर मामा त्याच्या दारात जाऊन भांडायचे. आत शेतात मात्र तिवराचं एक पान दिसू द्यायचे नाहीत.

चौऱ्याण्णव साली पिठोरी अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. खांड दोन माणसं आडवी झोपतील एवढीच होती. वीस माणसं असती तर दोन ओहोटींत बुजली असती. मामा दारोदार फिरले. पण निम्मं गाव डोलवीला कंपनीत शिफ्टवर, आणि उरलेलं पेणला गणपतीच्या कारखान्यांत. चतुर्थी चार दिवसांवर आलेली, तिथून कोण सुटणार? मामांचा मुलगा कान्हूसुद्धा ठेकेदाराला घाबरून कामावर गेला. बांधावर सात जण आले. मलाही निरोप आला होता. मी म्हटलं, घरात गणपतीची तयारी आहे, दोन दिवसांनी जाऊ. दोन दिवसांनी गेलो तेव्हा खांडीतून बैलगाडी गेली असती. आठवड्यानं तर पलीकडचा माणूस ओरडला तरी ऐकू येईना. त्या दोन दिवसांची लाज मला अजून वाटते.

श्रावण-भाद्रपदात तिवराची फळं गळतात. बदामाएवढी, पाण्यावर तरंगणारी, चिखल लागला की लगेच मूळ धरणारी. बांधाबाहेरच्या तिवरांची फळं भरतीबरोबर खांडीतून आत आली. दिवाळीला मी गेलो तर साऱ्या शेतांत, मेलेल्या भाताच्या खोडांतून, बोटभर उंचीची हिरवी रोपं उभी होती. राखणीला लावलेल्या झाडांचीच ही पोरं. मामा त्यांच्याकडे बघत होते.

गावानं वर्षभर अर्ज केले, मग सोडून दिलं. मामांनी सोडलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. कधी ना कधी सरकारी पाहणी होईल. ज्या जमिनीवर तिवर वाढलं ती जंगल म्हणून गेली, पण जी मोकळी असेल ती शेत म्हणून कागदावर राहील, आणि शेत आहे म्हटल्यावर बांध घालावाच लागेल. "बांध झाला का तीन पावसाळे," ते बोटं दाखवून सांगायचे. "तीन पावसाळ्यांत मीठ उतरतं. मग राता टाकायचा."

म्हणून त्यांनी आपले वीस गुंठे मोकळे ठेवायला घेतले. रोज ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं आणि तिवराची रोपं हातानं उपटायची. आजूबाजूची शेतं कमरेएवढी झाली, मग डोक्याएवढी, आणि मधोमध हा उघडा चौकोन.

मी चिडवायचो, "मामा, रोज सकाळी खाडीची दाढी करता तुम्ही."

"करतो," ते म्हणायचे. "उद्या पाव्हणं आलं तर बरं दिसाया नको?"

माझी बायको चंद्रावती माहेरी गेली की बापाचे चिरलेले पाय बघून भांडायची. "बास करा आता, काय मिळतंय त्यात?" मामा तिला म्हणायचे, "तू गप गो. तुला गोड्या जमिनीत दिलीय ना मी?" पोरगी सुटली, एवढंच समाधान ते बोलून दाखवायचे. असं बारा वर्षं चाललं.

पाहणी झाली तेव्हा मामा पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. त्या सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि साहेबांना तिवरांतून वाट काढत आपल्या तुकड्यावर नेलं. मी सोबत होतो. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आजोबा, ही झाडं तुम्ही उपटलीत?"

"व्हय," मामा अभिमानानं म्हणाले. "रोज."

"असं कोणाला सांगू नका," साहेब हळूच म्हणाला. "आता हा गुन्हा आहे."

वीस गुंठ्यांसाठी बांध कोण घालतो? साऱ्या पट्ट्यावर कांदळवनाचा, म्हणजे तिवरांच्या राखीव जंगलाचा, शिक्का बसला. बाकीच्यांनी जमीन वनखात्याला द्यायच्या संमतीच्या कागदावर सह्या केल्या. मामांनी अंगठा दिला नाही, पण एका अंगठ्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

दोन वर्षांनी पावसाळ्यात कांदळवनाची रोपं लावायची सरकारी योजना आली. लावणीला मोकळी जागा हवी, आणि साऱ्या पट्ट्यात मोकळी जागा एकच होती. गावातल्याच बाया मजुरीवर आल्या. त्यांत कान्हूची बायकोही होती. ती सासऱ्याकडे न बघता कामाला लागली. घरी नेण्यासाठी मी मामांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि बांधाच्या उरलेल्या ढिगाऱ्यावर उभे राहिले.

बराच वेळ बघितल्यावर त्यांना राहवेना.

"अगो, ती चिपी हाय," ते सुनेवर ओरडले. "तिला जास्त पाणी लागतं, ती खाली ओढ्याकडं लाव. हितं वर तिवरच जगंल." मग खाली उतरले. कोणतं रोप किती खोल, कुठला चिखल मूळ धरतो, कुठला वाहून जातो, सगळं सांगत सुटले. जुन्या उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, मुकादम तीन रोपं लावत होता. "तिथं नको," मामा म्हणाले, "मोडक्या दारातून पाणी जोरात येतं." मुकादमानं ऐकलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. अहो, चुकीची लावू द्यायची होती ना! मरू द्यायची होती! पण चुकीच्या जागी झाड लागताना बघणं त्यांच्यानं झालं नाही.

पुढच्या वर्षी साहेब जगलेली रोपं मोजायला आले. लावलेल्या शंभरांपैकी सत्त्याण्णव जगली होती. एवढं कुठेच जगलं नाही म्हणाले, कान्हूच्या घरी चहा घेतला आणि खूश होऊन गेले. मामा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते.

"तीन कुठची मेली?" त्यांनी विचारलं.

"उघाडीकडची," कान्हू म्हणाला.

"तिथं लावू नको म्हणून सांगितलं हुतं मी," मामा म्हणाले आणि रडायला लागले.