गिरजाबाईंची कोरी पाटी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, संस्थेच्या डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे — ठाऊक नाही. वय झाले म्हणून? वय तर केव्हाच झाले होते.

संस्थेची हकिकत तुम्ही ऐकली असेल. ऐंशीच्या दशकात जालन्यात, मस्तगड भागातल्या एका भाड्याच्या घरात आम्ही चार खाटा टाकल्या. दवाखान्याने ‘आता घरी न्या’ म्हणून पाठवलेले, आणि घरी पाहणारे कोणी नाही, असे रुग्ण तिथे येत. डॉक्टर वेदना कमी करीत. मी एका शाळेचा मुख्याध्यापक. शाळा सुटली की बाकीची व्यवस्था पाही. आज शहराबाहेर संस्थेची स्वतःची इमारत आहे.

आणि पाट्या आहेत. पाहुणे मुख्यतः त्याच पाहायला येतात. शाळेतल्या दगडी पाट्या, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक. रुग्णाला जे हवेसे वाटेल ते खडूने लिहायचे; आणून दिले की पुसायचे. अंबाडीची भाजी. बैलाची घुंगुरमाळ. रुसलेली बहीण. कल्पना माझी. नियमही माझा — दिल्याशिवाय पाटी पुसायची नाही. एका सेविकेने एकदा चुकून पुसली, तेव्हा मी तिला सर्वांसमोर खडसावले होते.

पुन्हा भलतीकडे चाललो. गिरजाबाईंचे सांगायचे आहे.

गिरजाबाई शहागडच्या, धनगराच्या घरातल्या. पोटात गाठ होती. मुलगा मारोती त्यांना आमच्याकडे सोडून, मेंढरे घेऊन लांब चराईला गेला होता. त्यांच्या पाटीवर एकच ओळ होती: शहागडच्या गंगेचे पाणी. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. एस.टी.ने जाऊन दिवसात परत येता येते. मी म्हणालो, “मंगळवारी आणतो.”

त्याच मंगळवारी भोकरदनच्या एका शाळेने मला संस्थेविषयी बोलायला बोलावले. शहागड दक्षिणेला, भोकरदन उत्तरेला. मी भोकरदनला गेलो. तिथे हार होता.

भाषणात मी गिरजाबाईंची गोष्ट सांगितली. आणि — ‘आणणार आहे’ म्हणायचे तिथे ‘आणून दिले’ म्हणालो. वाक्य तसे चांगले उतरत होते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एक वयस्कर जमीनदार उभे राहिले. “गुर्जी, जालन्याजवळ माझी जागा पडून हाय. तुमच्या कामाला घ्या. उद्या सकाळीच येतो, त्या बाईला बघायला.”

उद्या. आणि पाटीवर ती ओळ तशीच.

संध्याकाळी परतलो. तांब्या घेतला आणि मागच्या अंगणातल्या बोअरचे पाणी भरले. दुसरा मार्ग नव्हता का? होता. त्या गृहस्थांना दारातच सांगता आले असते — भाषणात चुकीचे बोललो, पाणी अजून आणायचे आहे. वर्गात मुलांना उभे करून मी याहून अवघड कबुल्या घेतल्या आहेत.

गिरजाबाईंनी घोट घेतला. तो तोंडात फिरवला. माझ्याकडे पाहत राहिल्या. मग गिळून म्हणाल्या, “गुर्जी, हे गंगंचं न्हाई. खारं लागून राह्यलं.”

“आजारात तोंडाची चव जाते, बाई.”

शांतपणे म्हणालो, चुकलेले उत्तर सुधारावे तसा. जिने उभा जन्म त्या काठावर मेंढरे पाजली, तिला मी त्या पाण्याची चव सांगत होतो. खोटे बोललो, ते एक. पण तिचे खरे होते ते तिच्याच तोंडातून काढून घेतले — याला काय म्हणायचे? मला शब्द सापडलेला नाही.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “तुमी शिकल्याले मानसं.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

मी पाटी पुसली. ओल्या फडक्याने, कोपऱ्यांसकट.

सकाळी ते जमीनदार आले. कोरी पाटी पाहून त्यांनी हात जोडले. जागा मिळाली. आजची इमारत त्याच जागेवर आहे.

गिरजाबाई त्यानंतर चार दिवस होत्या. शहागडची गाडी चारही दिवस होती. मी गेलो नाही. खरे पाणी आणले असते तर आधीचे खोटे ठरले असते — एवढेच कारण. सेविकेने विचारले, आजी, पाटीवर आता काय लिहू? “काय बी नगं,” त्या म्हणाल्या. दुसरे काही मागितले नाही.

मारोती पोहोचला तेव्हा सगळे आटोपले होते. तो खाटेच्या पायथ्याशी गेला आणि पाटी पाहिली. त्याला वाचता येत नव्हते, पण पाटीचा नियम आईला सोडायला आला तेव्हा मीच त्याला समजावला होता, आणि आईची ओळही त्याच्यासमोरच लिहिली होती.

“कोरी हाय,” तो म्हणाला. “मंजी मायला गंगंचं पानी भेटलं.”

त्याने विचारले नव्हते. मी गप्प राहिलो असतो तरी चालले असते. मी स्पष्ट म्हणालो, “मिळाले.”

त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. मी पाय मागे घेतले नाहीत.