सिमेंट धरेपर्यंत

आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस तोंड उघडायलाच येतो. मग किस्से गोळा होणार नाहीत तर काय! त्यात मी नवी सून. बोलायची फारशी सोय नाही, कान मात्र दोन्ही रिकामे. सांगलीला लग्न होऊन आले तेव्हापासून हे असं साठतच चाललंय.

हे मुंबईहून दातांचं शिकून आलेले. घराच्या ओसरीतच दवाखाना. मोडक्या दातावर चिनी मातीची टोपी चढवायची आणि सिमेंटनं चिकटवायची, ही यांची खासियत. मामंजी वकील. मुलानं काळा कोट सोडून पांढरा घातला, याचा त्यांना भारी राग. पाटी लागली त्याच दिवशी त्यांनी निकाल देऊन टाकला, "दिवाळीपर्यंत मुदत. तोवर चिकटवलेला एक जरी दात पडला, तर पाटी खाली! साताऱ्याला माझ्या भावाच्या ऑफिसात कारकुनी करायची."

म्हणजे दिवाळीपर्यंत आमचा संसार लोकांच्या तोंडात!

सिमेंटचं प्रकरण मोठं नाजूक. लढाईमुळे बाटली मुश्किलीनं मिळायची. पूड आणि औषध काचेच्या तुकड्यावर कालवायचं. काच तापलेली असली तर कालवता कालवताच दगड! म्हणून ती काच ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवायची आणि ऐन वेळी खडखडीत पुसून द्यायची, हे माझं काम. दात बसवल्यावर सिमेंट धरेपर्यंत त्याला थुंकी लागता कामा नये. म्हणजेच, बोलायचं नाही! हे पेशंटला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "अशी ही बसते ना, तसं बसा." मी दवाखान्यातला नमुना होते.

*

फलटणच्या एका बागाईतदाराचा पुढचा दात इतका हुबेहूब जमला की आरसा धरून हेच खूश. बागाईतदार मात्र थोड्याच दिवसांत तोंड पाडून हजर.

"दुखतोय?"

"न्हाई."

"हलतोय?"

"न्हाई वो. पर त्यो दिसतच न्हाई! माझ्या मेव्हण्यानं सोन्याचा बशिवलाय. त्यो हासला की समदी जत्रा बघती. माझा कुनाला कळंना बी! डाक्टर, वाईच खोटा दिसंल आसं कायतरी करा की!"

*

आष्ट्याच्या पैलवानाला यांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "या दातानं ऊस सोलायचा नाही."

एक दिवस सकाळीच स्वारी तोंडावर पंचा धरून दारात. यांचा चेहरा उतरला. मला तर साताऱ्याची सर्व्हिस मोटार डोळ्यांपुढं दिसायला लागली.

"पडला?" यांनी विचारलं.

"पडला की!"

पंचा बाजूला झाला. आमची टोपी जागच्या जागी, ठणठणीत. शेजारचा, जन्मापासूनचा दात अर्धा गायब!

"तुमी म्हनला त्या दातानं सोलू नगा. म्हनून शेजारच्यानं सोलला. आता त्यो बी तुमच्यातलाच बशिवा. द्येवाच्या मालात दम न्हाई राहिला!"

*

वाईच्या आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, चिनी मातीची कपबशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ देत नाहीत. त्यांना यांनी हौसेनं दात बसवून दिला. मग कुणीतरी, नाव नाही सांगत, तो कशाचा आहे ते त्यांना सांगितलं.

"मेल्या, जी बशी मी घरात घेत नाही, ती तू माझ्या तोंडात बसवलीस? काढ आधी!"

काढतो कुठला! यांचं सिमेंट आत्याबाईंपेक्षा हट्टी निघालं. शेवटी त्यांच्या गुरुजींनी तोड काढली. सोवळ्यात असेपर्यंत ओठ मिटून ठेवायचे. दात दिसला नाही, म्हणजे सोवळ्याला लागला नाही! तेव्हापासून अंघोळीपासून नैवेद्य होईपर्यंत आत्याबाई रोज मुक्या.

आत्याबाईंच्या सुनांनी गुपचूप कंदी पेढे पाठवले. सोबत निरोप होता, "भावजींना सांगा, दुसराही बसवा."

*

सगळ्यांत गुणी पेशंट जतकडचा एक धनगर. मेंढरं घेऊन सांगलीवरून चालला होता. यांनी दात बसवला आणि सांगितलं, "मी म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही, बोलायचं नाही." तेवढ्यात मामंजींनी जेवायला हाक मारली. हे गेले, जेवले, पान खाल्लं, लवंडले. चहाच्या वेळी ओसरीत येऊन बघतात तर धनगर खुर्चीत, आ वासून, तसाच!

"अहो! मिटा, मिटा आता!"

त्यानं जबडा चोळत सावकाश मिटला. "तुमी सांगितलं न्हवतं," म्हणाला. मग जरा घुटमळून, "मेंढरं मातुर मिरजंला पोचली असतील."

*

आणि मग मामंजींचा स्वतःचाच पुढचा दात सुपारीवर मोडला. कोर्टात बोलताना शिट्टी वाजायला लागली. समोरचा वकील हसला म्हणे. दुसऱ्या दिवशी मामंजी ओसरीतल्या खुर्चीत! "तपासणीसाठी बसतोय," एवढं मात्र ऐकवलं.

मी काच पुसून दिली. दात सुरेख बसला. हे म्हणाले, "अण्णा, आता बोलायचं नाही."

तेवढ्यात त्यांचा कारकून सांगत आला की तारीख पुढं गेली. झालं! मामंजींनी खुर्चीतूनच अख्खा खटला चालवला.

"अण्णा, सिमेंट भिजलं. काढून परत बसवतो."

"माझ्या तोंडातलं मला कळतं!"

दिवाळीचा पाडवा आला. मुदत संपली. तोवर एकही दात पडल्याची खबर नव्हती, तरी यांना न्यायला साताऱ्याचे काका हजर. मामंजींनी आधीच कार्ड टाकून बोलावलेलं! दुपारची पंगत बसली. मी वाढत होते. मामंजींनी श्रीखंडाचं बोट तोंडात घातलं आणि यांच्याकडे वळून आवाज लावला, "वसंता, दात पडला नाही, हे मान्य. पण..."

'पण'लाच थांबले. ओठ घट्ट मिटले.

"वा सूनबाई!" काका वाकून बघत म्हणाले. "दादांच्या वाटीत एवढा मोठा बदाम, आणि आमच्या वाटीत नुसती चारोळी?"

मी दुसरी वाटी वाढली आणि बदामाची वाटी उचलून आत नेली. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"पण काय, दादा? उद्या नेऊ ना पोराला?"

मामंजींनी मान हलवली. आडवी.

"नको? अरे, तूच बोलावलंस ना मला?"

पुन्हा आडवी.

हात धुऊन मामंजी तडक ओसरीत जाऊन खुर्चीत बसले. पान नाही, सुपारी नाही. मी काच कोरडी करून आणली, वर धुतलेला दात ठेवला. यांनी एकदा दाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सिमेंट कालवायला घेतलं. दात बसला. हे बोटानं दाबून उभे.

एवढ्यात काका दारात. "दादा, आधी ये म्हणतोस, मग नको म्हणतोस! कारण सांग. त्याशिवाय मी हलणार नाही!"

मामंजींना कुणी कारण विचारावं आणि त्यांनी ते देऊ नये, असं आजवर घडलेलं नव्हतं. छाती भरली. मिशा थरथरल्या. जीभ हलली. हे घामाघूम.

लग्न झाल्यापासून मामंजींपुढं मी "हो"च्या पलीकडे शब्द काढला नव्हता.

"मामंजी," मी म्हटलं, "बोलायचं नाही!"