बागेत उभी राहिली वैशालीची जाडजूड बाहुली

मंडळी, आज सकाळी बोरिवलीच्या एका बागेत जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

माझी मैत्रीण वैशाली शिवलेल्या नऊवाऱ्या विकते. त्यांचे फोटो काढायला तिने कापूस भरून माणसाएवढी बाहुली बनवलीय. तीही स्वतःच्या मापाची, म्हणजे चांगली भरलेली.

रिक्षातून उतरवून आम्ही तिला झाडाखाली उभं केलं, तोवर बघे जमलेच. एक जण मोठ्याने म्हणाला, "बनवायचीच होती तर जरा बारीक बनवायची ना!" सगळे हसले. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

वैशाली मात्र बाहुलीच्या नऊवारीच्या निऱ्या नीट करत म्हणाली, "बारीक मॉडेलचे फोटो सगळीकडे आहेत हो. माझ्या गिऱ्हाइकांना नऊवारी आपल्या अंगावर कशी दिसेल ते बघायचं असतं."

हसणं थांबलं. चालायला आलेल्या एक जाडशा काकू पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला होईल गं ही?"

"ड्रेसवरूनच चढवून बघा ना काकू!" वैशालीने पिशवीतून दुसरी नऊवारी काढली.

काकूंनी खरंच ती चढवली. पदर खांद्यावर घेतला आणि बाहुलीशेजारी ताठ उभ्या राहिल्या. "मुलीच्या लग्नातसुद्धा मी सगळ्यांच्या मागे लपले होते," त्या मला म्हणाल्या. "आता पायापर्यंत सगळी येऊ दे हं फोटोत."

यार वैशाली, मानलं तुला!

आणि मैत्रिणींनो, तुमचा पूर्ण उभा फोटो शेवटचा कधी काढलात?