सरांचं बंद पाकीट

शेळीचं तोंड उघडून पाहिल्याशिवाय जाधव सर आजाराचं नाव लिहीत नसत. मालक आधीच नाव सांगू लागला तर म्हणत, "नाव ऱ्हाऊ द्या. आधी जनावर दाखवा." पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त होऊन ते हिंगोलीतल्या आमच्या छोट्या संस्थेत आले, तेव्हा मी तिथे कॉम्प्युटरवर बसायची आणि स्वतःला फार शहाणी समजायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एकाच आजाराला मेंढपाळ एक नाव देतात, डॉक्टर दुसरं. कुठलं नाव कुठल्या नावाशी जुळतं हे लक्षणांवरून ठरवणारा प्रोग्राम मी दोन वर्षं खपून लिहिला होता. त्यावरूनच पुढे गावोगावी औषधं दिली जाणार होती.

"आपलं आपणच तपासायचं न्हाई, पोरी," सर म्हणाले. "मी वस्त्यांवर बसून हातानं जोड्या लावतो. पाकिटात बंद करतो. तुझं झालं की फोडू."

पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. एकूण एक जोडी जुळली. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी पेढे खात बसले.

औषधवाटपाच्या आदल्या आठवड्यात नरसीला गेले. सरांच्या यादीत माहिती देणारी म्हणून कोंडाबाई या मेंढपाळ बाईंचं नाव होतं. सरांची ओळख देऊन सहज विचारलं, "तुमची लंगडी म्हणजे तोंडात-खुरात फोड येतात ती लाळ-खुरकूतच ना?"

"न्हाई माय. लंगडी चिखलानं व्हते. खूर सडतो, तोंड साफ असतंय. तुमी तोंड न्हाई का पाह्यलं?" मग म्हणाल्या, "अन् तुमचे सर तर इकडं आलेच न्हाईत."

माझ्या प्रोग्रामची चूक सरांच्या यादीत जशीच्या तशी होती. प्रोग्रामनं लावलेल्या जोड्यांचा माझ्या टेबलावरचा कच्चा कागद त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात उतरवून पाकिटात घातला होता.

तशीच एसटीनं परतले. "सर, असं काहून केलं?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "गुडघे साथ देईनात, लेकरा. अन् तुझं बराबरच असणार, येवढा भरोसा होता माझा."

अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "भरोसा ठेवायला घरचे होते, सर. माझं चुकलंय हे मला सांगायला एक तुम्हीच होता."

औषधवाटप थांबवलं आणि कोंडाबाईंपासून सुरुवात करून यादी नव्यानं करायला घेतली. सर पुन्हा आले नाहीत, मीही बोलावलं नाही. चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी सेनगावकडच्या एका वस्तीवर होते. समोरचा माणूस आजाराचं नाव सांगत होता. "नाव राहू द्या, आधी जनावर दाखवा," मी म्हणाले, आणि सरांचा पुन्हा तितकाच राग आला.