आज दिसला नाही

पिवळ्या गवतातून एक पांढरी मान हळूच वर आली... माथ्यावर काळी टोपी, चाल निवृत्त हेडमास्तरांसारखी संथ. सहा वर्षांची मी सायकलच्या दांडीवर बसले होते. पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येणाऱ्या बोटांनी अब्बांनी माझी हनुवटी तिकडे वळवली आणि इतकंच म्हणाले, "माळढोक."

कर्जतला अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शुक्रवारची नमाज झाली की दुकान बंद, आणि आम्ही दोघं अभयारण्याच्या माळावर – तळ्याकाठच्या ओल्या चिखलाचा वास, उन्हात भाजलेल्या गवताचा गोडसर दरवळ, आणि सलवारीत रुतलेली कुसळं, जी संध्याकाळी एकेक उपटत अम्मी पुटपुटायची, "कधीतरी माणसांतही न्या पोरीला."

माळढोक मात्र पुन्हा दिसला नाही. परतताना फाटकावरच्या वहीत, 'काय पाहिले' या रकान्यात अब्बा काळवीट, चंडोल, टिटवी लिहीत आणि शेवटी न चुकता – 'माळढोक आज दिसला नाही.' वर्षानुवर्षं. फाटकावरचे नामदेवकाका हसत.

"उस्ताद, न्हाई दिसला त्ये बी लिव्हायचं व्हय? वही संपल की!"

"संपू दे. बघायला कुणी येतच न्हवतं, असं उद्या कुणी म्हणायला नको."

गेल्या पावसाळ्यात अब्बा गेले. विसर आता, असं मला सगळे सांगतात; माळढोकाविषयीही हेच सांगतात. जे दिसत नाही ते नाहीच, असं ज्यांना म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं. मी म्हणणार नाही.

परवाच्या शुक्रवारी एकटीच माळावर गेले. गवत तसंच कमरेएवढं, वाऱ्यानं एका कुशीवर वळलेलं... सूर्य कलेपर्यंत तळ्याकाठी उभी राहिले. फाटकावर आता नवा रखवालदार आहे, वहीही नवी.

"ताई, नाव अन् गाडी नंबर टाका फकस्त. काय बघितलं त्यो रकाना न्हाई आता."

मोबाईलची कड कागदावर टेकवून मी सरळ रेघ ओढली. रकाना आखला. लिहिलं.

त्यानं वाकून वाचलं. "पर त्यो पक्षी तर लई वर्सं झाली, न्हाई हितं."

"आज दिसला नाही, एवढंच लिहिलंय."

"म्हंजी परत येनार तुमी?"

"दर शुक्रवारी."

त्यानं माझी रेघ नीट पाहिली, पुढचं कोरं पान उलटलं आणि तिथेही एक वाकडीतिकडी रेघ ओढली.

घरी अम्मीनं माझी ओढणी मांडीवर घेतली. कुसळं उपटताना मान वर न करताच तिनं विचारलं,

"लिहिलंस ना?"