जिनिंगवाल्याची भरीत पार्टी

कपाशीच्या वाळक्या पराट्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की धुळ्याच्या कॉलेजातला एक हिवाळा आठवतो. आमच्या वर्गातल्या, कापसाची जिनिंग मिल असलेल्या जिनिंगवाल्याच्या मुलाने त्यांच्या शेतात भरीत पार्टी दिली होती. त्याची गाडी, त्याचे बूट, त्याचं ते सैल हसणं, सगळंच मला खुपत होतं. संध्याकाळी आग तशीच सोडून निघताना शेजारच्या शेतातली बाई म्हणाली, "भाऊ, आग इझाडी जा, मना कडबा जोडेच शे." तो गाडीत बसत म्हणाला, "आमचा गडी बघेल, अक्का." गडी दुपारीच घरी गेलेला, हे मलाही माहीत होतं. तरी मी मुकाट गाडीत बसले. सकाळी कळलं, तिच्या बैलांचा वर्षाचा कडबा जळाला. त्याच दिवशी वर्गात हा पठ्ठ्या अभ्यासाला लावलेल्या अमेरिकन कादंबरीवर बोलला. पैसेवाल्यांचा निष्काळजीपणा गरिबाला कसा भोगावा लागतो, हे त्याने अशा फर्ड्या इंग्रजीत सांगितलं, की सरांनीही टाळ्या वाजवल्या. तोच मुद्दा मी आठवडाभर खपून लिहून आणला होता. मला कुणी बोलायला उठवलंच नाही. आज मी अशाच लोकांविरुद्ध पत्रकं काढते, गावोगाव वाटते. पण खरं सांगते, त्या दिवशी त्या बाईच्या कडब्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. त्या टाळ्या माझ्या होत्या, एवढंच डोक्यात होतं.